तारीख राखून ठेवा!

लग्नपत्रिकेचा क्रम मराठी माणसाच्या इतका अंगवळणी पडलेला होता, की तो त्याने डोळे मिटून सांगावा. वर श्रीगणेश, त्याखाली कुलस्वामिनी, मग चि. आणि चि. सौ. कां., उभयतांचे मातापिता, मुहूर्त आणि विवाहस्थळ. तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असे घरातल्या चिमुरड्याचे आर्जव असे. नजरचुकीने कोणी राहून गेलाच, तर 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' अशी विनंतीही असे. आता या पत्रिकेच्याही आधी, पाचसहा महिने, कधी वर्षभर अगोदर, एक चिमुकले कार्ड येऊ लागले आहे. ते टपालाने येते, बहुधा फोनवरच येते. त्यावर एक माड, निळा समुद्र, वधूवरांची नावे, एक तारीख आणि 'गोवा' एवढाच मजकूर असतो. त्याचे नाव 'सेव्ह द डेट'. ही तारीख आमच्यासाठी राखून ठेवा, निमंत्रण मागाहून येईल, असा त्याचा अर्थ. दिल्ली, मुंबई वा बंगळूर येथील कुटुंबांनी गोमंतकाच्या किनाऱ्यावर येऊन लग्न लावावे, ही प्रथा आता रुळली आहे आणि हे कार्ड म्हणजे तिचे पहिले पाऊल. त्यावर आमच्या भूमीचे नाव छापले जाते, म्हणूनच त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या प्रथेची नुसती टवाळी करून भागणार नाही. लग्न परमुलखात ठरले की पाहुण्यांना पूर्वसूचना मिळालीच पाहिजे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे. त्या सकाळी तिकिटासाठी सज्ज राहायचे, तर तारीख त्यापूर्वी ठाऊक असावी लागते. डिसेंबरात विमानाचे भाडे आणि हॉटेलचे दर आकाशाला भिडतात. नोकरदाराला रजा मांडावी लागते, आखातातल्या भावाला सुटीचा मेळ घालावा लागतो, मुलांच्या परीक्षा पाहाव्या लागतात. हे सारे ध्यानात घेऊन कोणी सहा महिने आधी कळवीत असेल, तर तो पाहुण्यांची काळजीच वाहतो असे म्हटले पाहिजे.

शिवाय विवाहाची आगाऊ वर्दी देणे ही काही आजची टूम नव्हे. ख्रिस्ती समाजात नियोजित विवाहाची घोषणा चर्चमध्ये आधी केली जाते. चर्चने १२१५ साली हा नियम सर्वत्र लागू केला. गोमंतकातील नागरी नोंदणीत वधूवर प्रथम आपला विवाहाचा इरादा निबंधकापुढे नोंदवतात, आक्षेपांसाठी मुदत जाते आणि त्यानंतरच दुसरी सही होते. हिंदू घरांत साखरपुडा हीदेखील एक जाहीर सूचनाच होय. मात्र या सर्व सूचनांत समाजाला बोलण्यास जागा होती. कोणाला काही सांगायचे असेल तर त्याने आताच सांगावे, हा त्यांचा आशय होता. नव्या कार्डात ही जागाच उरलेली नाही. ते पाहुण्याचा दिवस मागते. त्याला तो देता येईल काय, हे विचारीत नाही. आमचा आक्षेप आहे तो येथे.

ज्याचा दिवस आपण अडवतो, त्याला त्या दिवसाचा हिशेब सांगणे हे यजमानाचे कर्तव्य आहे. कार्डावर नुसते 'गोवा' लिहून ते पार पडत नाही. २०२३ च्या जानेवारीपासून राज्यात दोन विमानतळ चालू आहेत. मोपा उत्तरेस पेडण्यात, तर दाबोळी मुरगावात. लग्न काणकोणात असेल आणि पाहुणा बिचारा मोप्याला उतरला, तर त्याला राज्याची सारी लांबी तुडवावी लागते. रेल्वेने येणाऱ्याने थिवीला उतरावे, करमळीला, की मडगावला, हेही गाव ठाऊक असल्यावाचून ठरत नाही. तेव्हा गाव आणि तालुका, समारंभ किती दिवसांचा, पाहुण्याला त्यांपैकी कोणत्या दिवशी बोलावले आहे, राहण्याची सोय यजमान करणार की ज्याची त्याने पाहायची, एवढ्या गोष्टी त्या पहिल्याच कार्डात स्वच्छ असाव्यात. कार्यालय वा हॉटेल पक्के झाल्यावाचून आणि भटजींनी मुहूर्तावर होकार दिल्यावाचून ते धाडूच नये. ज्याला पुढे पत्रिका द्यायची नाही, त्याला हे कार्डही देऊ नये. तारीख राखा म्हणून सांगायचे आणि नंतर यादी आखडती घ्यायची, हा दिलेला शब्द मोडण्याचाच प्रकार आहे.

खर्चाचा प्रश्न याहूनही नाजूक. गावातल्या लग्नाला आत्या एस.टी.ने येत असे, आठ दिवस आधी येऊन पापड लाटीत असे आणि जाताना खण-नारळ घेऊन जात असे. समुद्रकाठच्या लग्नाला येण्यासाठी तिला विमानाचे तिकीट, दोन रात्रींचे हॉटेल आणि ऐपतीबाहेरची साडी लागते. 'नाही' म्हणायला तिची जीभ रेटत नाही. मग ती कर्ज काढून येते, नाहीतर तब्येतीचे निमित्त सांगून घरी राहते आणि दोन्ही वेळा मनातून खट्टू होते. 'खर्चामुळे येणे जमले नाही तरी आमच्या मनात किंतु राहणार नाही. परतल्यावर आपल्या गावी छोटेसे स्नेहभोजन ठेवले आहे, तेथे अवश्य यावे,' एवढी एक ओळ त्या कार्डावर असेल, तर अशा कितीतरी आत्यांची कुचंबणा टळेल. त्याहून उत्तम म्हणजे, जी माणसे हवीतच, त्यांच्या तिकिटाचा भार यजमानाने आपल्या शिरावर घ्यावा. सजावटीतली चार तोरणे कमी झाली, तर लग्न अडत नाही.

आता ज्या गावात हे लग्न लागायचे, त्या गावाचा विचार करू. पाहुण्यांसाठी ती तारीख मोकळी असेल, गावासाठी असेलच असे नाही. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि आमच्या जत्रा, फेस्तांचा हंगामही त्याच सुमारास भरात येतो. ३ डिसेंबरला जुने गोवे भाविकांनी फुललेले असते, पौषात फातर्प्याची वाट गजबजलेली असते. किनाऱ्यावरच्या वाड्याला रात्रीची झोप हवी असते. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. तरीही पहाटेपर्यंत नाचगाण्याचे आश्वासन देणारी कार्डे निघतात. जे देण्याचा आपल्याला अधिकार नाही, ते पाहुण्यांना देऊ करणे हे यजमानपण नव्हे. पूर्वी वाड्यावर लग्न निघाले की मांडव घालायला सारा वाडा लोटत असे. आवाज झाला तरी तो घरच्यांचा असे. आज त्याच वाड्याला ना कार्ड येते ना पत्रिका, येतो तो फक्त कुंपणापलीकडचा आवाज.

या लग्नांमुळे फुलवाले, आचारी, वाजंत्री, टॅक्सीवाले यांच्या हाताला काम मिळते, हे आम्ही विसरत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून लग्ने परदेशात न करता भारतात करण्याचे आवाहन केले होते. त्या दृष्टीने येथे येणारे वऱ्हाड आम्हांस परके नाही. आमची तक्रार थोडी आमच्याच माणसांविरुद्धही आहे. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या शेजाऱ्याला फोनवर 'सेव्ह द डेट' धाडून मोकळी होणारी गोमंतकीय घरे आता दिसू लागली आहेत. अक्षता घेऊन चार पावले चालत जाण्याला हे कार्ड पर्याय होऊ शकत नाही.

गोमंतकात मंगलकार्य ठरले की पहिला नारळ गावच्या राखणदारापुढे ठेवून गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. बाहेरून येणाऱ्या यजमानांनी हीच रीत पाळावी असा आमचा आग्रह नाही. मात्र तारीख छापण्यापूर्वी त्यांनी गावात एकदा चौकशी करावी, पंचायतीला कळवावे, शेजारच्या चार घरांत जाऊन बसावे. मग त्यांच्या कार्डावरचे 'गोवा' हे नाव नुसते माडाचे चित्र राहणार नाही, आणि लग्नाच्या दिवशी कुंपणापलीकडली माणसेही अक्षता टाकायला हात उचलतील.