वायफाय बिघाडामुळे बंद पडणाऱ्या लॅपटॉपच्या दुरुस्तीबाबत निवेदन

प्रति,
मा. प्राचार्य
मार्फत : मा. ग्रंथपाल

विषय : ग्रंथालयातील लॅपटॉप वायफाय सुरू असताना वारंवार बंद पडत असल्याने त्यांचे पुराव्यानिशी निदान व कायमस्वरूपी दुरुस्ती होणेबाबत, तसेच विद्यार्थ्यांच्या अनामत रकमेतून झालेली कपात परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आम्ही ग्रंथालयाच्या डिजिटल कक्षाचा नियमित वापर करणारे विद्यार्थी व प्राध्यापक आपणांस सविनय निवेदन सादर करीत आहोत.

या कक्षातील लॅपटॉप म्हणजे घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्यांचा एकमेव आधार आहे. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज, सीईटीची नोंदणी, प्रकल्पांचे अहवाल ही सर्व कामे येथेच होतात. मात्र गेल्या सत्रापासून काम चालू असताना वायफाय तुटते, माउसचा बाण जागीच थिजतो आणि निळी स्क्रीन येऊन लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होतो. झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप उघडल्यावर तर हे हमखास घडते. उत्पन्नाचा दाखला अपलोड होत असतानाच लॅपटॉप बंद पडला, की अर्ज अर्धवट राहतो आणि बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस वाया जातो.

तक्रार केल्यावर देखभाल करणाऱ्या एजन्सीने दर वेळी लॅपटॉप फॉरमॅट करून दिले. काही दिवसांत तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. त्यानंतर एजन्सीने ‘विद्यार्थी पॉवरचे बटण दाबून लॅपटॉप बंद करतात’ असा अहवाल दिला आणि त्याआधारे काही विद्यार्थ्यांच्या अनामतीतून दुरुस्तीखर्च कापण्यात आला. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. त्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

एजन्सीच्या अहवालाचा सारा भार विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नेल-पॉवर ४१’ या नोंदीवर आहे. ही नोंद एवढेच सांगते, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. वीज गेली, बटण दाबले किंवा निळी स्क्रीन आली, तरी तीच नोंद पडते. कारण शोधायचे तर निळी स्क्रीन आल्यावर पडणारी ‘बगचेक १००१’ ही नोंद पाहावी लागते. फॉरमॅट न झालेल्या एका लॅपटॉपवर ती स्पष्ट दिसते. बटण दाबून बंद केलेल्या संगणकात अशी नोंद पडत नाही.

निळी स्क्रीन येताना विंडोज जपून ठेवते त्या, त्याच लॅपटॉपच्या ‘मिनीडम्प’ फोल्डरमधील फाइल संगणकशास्त्र विभागातील प्राध्यापकांनी उघडून तपासल्या. त्यांत ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ आणि ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ असे दोन वेगवेगळे संदेश आढळले, परंतु दोन्हींत नाव आले ते वायफाय ड्रायव्हरच्या, म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, एकाच फाइलचे. पहिल्या संदेशाचा अर्थ असा, की लॅपटॉप झोपेत जाताना किंवा जागा होताना ड्रायव्हरने आपले काम वेळेत उरकले नाही. दुसऱ्याचा अर्थ असा, की एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ अडवून धरला. झाकण उघडताच लॅपटॉप बंद पडण्याच्या आमच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते.

साधा प्रोग्रॅम बिघडला तर तेवढाच प्रोग्रॅम बंद होतो. वायफाय ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये चालतो. तेथे गंभीर चूक झाल्यास संगणकातील माहिती बिघडू नये म्हणून विंडोज संपूर्ण यंत्रणाच थांबवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच कोलमडले आणि आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेथेही दोष कर्नेलमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता, वापरणाऱ्यांचा नव्हता.

फॉरमॅटमुळे दुहेरी नुकसान होते. मिनीडम्प व नोंदी पुसल्या जाऊन पुरावा नष्ट होतो आणि विंडोज अपडेट तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा आणून बसवते. याउलट ग्रंथपालांच्या परवानगीने एका लॅपटॉपवर उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरील आधीच्या आवृत्तीचा ड्रायव्हर बसवला, तेव्हापासून तो लॅपटॉप सुरळीत चालू आहे. वायफाय बंद ठेवून लॅनच्या केबलवर चालवलेले इतर लॅपटॉपही बंद पडले नाहीत.

नेटवर्कचाही यात वाटा आहे. कक्षातील सर्व ॲक्सेस पॉइंट २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर चालतात, त्यामुळे ते एकमेकांच्या आड येतात आणि जोडणी सतत तुटते. केवळ सिग्नल कमजोर आहे म्हणून चांगला ड्रायव्हर कोसळत नाही. परंतु प्रत्येक वेळी जोडणी तुटून पुन्हा जुळताना ड्रायव्हरमधील सदोष भाग वापरला जातो आणि लॅपटॉप बंद पडण्याची शक्यता वाढते.

वरील बाबी विचारात घेऊन आमच्या पुढील मागण्या मान्य कराव्यात :

१. मिनीडम्प, इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदी आणि विंडोजचा वायफाय अहवाल यांची प्रत काढून ठेवल्याशिवाय एकही लॅपटॉप फॉरमॅट करू नये.

२. सर्व लॅपटॉपवर उत्पादक कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला, तपासून खात्री केलेला वायफाय ड्रायव्हर बसवावा आणि विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर येणे ग्रुप पॉलिसीद्वारे बंद ठेवावे. यापुढे कोणताही नवा ड्रायव्हर आधी मोजक्या लॅपटॉपवर चालवून पाहावा, मगच सर्वत्र द्यावा.

३. वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड बंद करण्याची विंडोजला दिलेली मुभा डिव्हाइस मॅनेजरमधून काढावी. ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावे, कारण ते सुरू असताना ‘शट डाउन’ केले तरी कर्नेल व ड्रायव्हर मुळापासून नव्याने सुरू होत नाहीत.

४. शेजारशेजारच्या ॲक्सेस पॉइंटना १, ६ व ११ हे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल द्यावेत आणि ज्या लॅपटॉपमध्ये सोय आहे ते ५ गिगाहर्ट्झवर जोडावेत.

५. वायफाय बंद ठेवूनही जे लॅपटॉप बंद पडतील ते वेगळे काढून त्यांची रॅम, डिस्क व तापमान यांची स्वतंत्र तपासणी करावी. वायफायचे नाव पुढे करून इतर बिघाड झाकले जाऊ नयेत.

६. ही दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत अर्ज भरण्यासाठी काही टेबलांवर लॅनची जोडणी द्यावी. ज्या लॅपटॉपला लॅनचे पोर्ट नाही त्यांना यूएसबी-लॅन अडॅप्टर पुरवावेत.

७. एजन्सीचा अहवाल रद्द करून विद्यार्थ्यांच्या अनामतीतून कापलेली रक्कम परत करावी. यापुढे लेखी तांत्रिक कारण दिल्याखेरीज आणि विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज कपात करू नये.

महोदय, यांतील बहुतेक कामांना नवी खरेदी लागत नाही. आहे ती यंत्रणा नीट तपासून नीट लावली तरी पुरेसे आहे, आणि त्यासाठी संगणकशास्त्र विभागाचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विनामोबदला मदत करण्यास तयार आहेत. परंतु न केलेल्या चुकीचा ठपका आणि त्यापायी गेलेले पैसे, हा अन्याय दूर करणे केवळ आपल्याच अधिकारात आहे. शिष्यवृत्तीसाठी धडपडणाऱ्या विद्यार्थ्याला अनामतीचे चारशे-पाचशे रुपयेही मोठे असतात.

तरी आपण या निवेदनाचा सहानुभूतिपूर्वक विचार करून एजन्सी, ग्रंथपाल, संगणकशास्त्र विभाग व विद्यार्थी प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक बोलवावी आणि प्रत्येक मागणीवर काय कार्यवाही झाली हे पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
डिजिटल कक्षाचे वापरकर्ते विद्यार्थी व प्राध्यापक यांच्या वतीने
विद्यार्थी प्रतिनिधी, तृतीय वर्ष विज्ञान

सोबत : मिनीडम्प तपासणीचा गोषवारा, कपातीच्या पावत्यांच्या छायाप्रती, स्वाक्षऱ्यांची यादी.

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
१. मा. अध्यक्ष, महाविद्यालय विकास समिती
२. मा. विभागप्रमुख, संगणकशास्त्र विभाग