कळीला अक्षर माहीत नसतं

गेल्या ईदला भाचा पुण्याहून आला आणि शीरखुर्म्याची वाटी हातात घ्यायच्या आधीच त्यानं पिशवीतून दोन जुने कीबोर्ड काढून दस्तरखानाशेजारी मांडले. ‘मामू, सुनो तो सही,’ म्हणत त्यानं एक कळ दाबली. टक्. पत्र्यावर हरभरा पडावा तसा आवाज. त्याच्या मित्रांमध्ये या आवाजावरून तासन्‌तास वाद चालतात म्हणे. त्यांचं मत ठाम आहे: कीबोर्ड 1985 साली पूर्णत्वाला पोचला, त्यानंतर सगळी घसरणच झाली.

मी शिक्षक आहे. सकाळी उर्दू शिकवतो, दुपारी मराठी. या मताचा अर्धा भाग मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याशी माझं भांडण आहे, आणि ते जुन्या वस्तूंच्या हौसेपुरतं नाही.

आधी मान्य असलेलं. आयबीएमचे हे दोन्ही कीबोर्ड खरोखर हुनरचं काम आहेत. एक 1981 च्या पहिल्या पीसीबरोबर आलेला, 83 कळांचा, ज्याला शौकीन मंडळी मॉडेल एफ म्हणतात. दुसरा 1985 पासूनचा मॉडेल एम, 101 कळांचा. दोन्हीत प्रत्येक कळीखाली एक बारीक स्प्रिंग आहे. कळ दाबली की ती दबत जाते, आणि एका क्षणी एकदम बाजूला वाकते. तोच तो आवाज, आणि त्याच क्षणी अक्षर उमटतं. बोटाला कळतं की काम झालं, आता पुढे चला. एफचा स्पर्श हलका आणि तीक्ष्ण, एमचा थोडा जड. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये रबरी कळांचे स्वस्त कीबोर्ड आहेत. त्यांवर मुलं प्रत्येक कळ तळापर्यंत ठोकतात, तरी अक्षर उमटलं की नाही हे पडद्याकडे पाहूनच ठरवतात. स्पर्शाच्या बाबतीत भाचा जिंकला.

आता मांडणी. भाचा ‘हॅलो वर्ल्ड’ लिहीत होता. मी त्याच्या लॅपटॉपवर मराठी इनस्क्रिप्ट लावला आणि म्हटलं, ‘यावर डॉक्टर लिहून दाखव.’ डॉमधला अर्धचंद्र-काना इनस्क्रिप्टमध्ये तिरप्या रेघेच्या कळीवर आहे. मॉडेल एमवर ही कळ उजवीकडे, एंटरच्या डोक्यावर. 83 कळांच्या कीबोर्डवर मात्र ती खाली डावीकडे, शिफ्ट आणि झेडच्या मधे दडलेली. म्हणजे डॉक्टर, कॉलेज, ऑफिस असा प्रत्येक शब्द लिहिताना डाव्या करंगळीला कसरत. भाचा हसला, ‘मामू, हे आजवर कुणी तपासलंच नव्हतं.’ माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

माझे अब्बा कचेरीबाहेर अर्ज लिहून द्यायचे. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं मराठी टाइपरायटर असायचं, रेमिंग्टन मांडणीचं. त्यावर ‘कि’ लिहायचं तर वेलांटी आधी आणि क नंतर. भ, श अशी कित्येक अक्षरं आधी अर्धी उमटवायची आणि मग काना लावून पुरी करायची. बोलताना क आधी येतो, कागदावर वेलांटी आधी दिसते, आणि यंत्राला फक्त दिसणं कळायचं. चाळीसएक कळा, प्रत्येकीवर दोन खुणा, एवढ्या जागेत अख्खी बाराखडी आणि जोडाक्षरं बसवायची होती. ती तडजोड होती आणि तिला कारण होतं. अब्बांची बोटं त्यावर पळायची, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या मेहनतीला माझा सलाम आहे.

पण कॉम्प्युटर आला आणि ते कारण संपलं. कीबोर्डला अक्षर माहीतच नसतं. कळ दाबली की तो आत फक्त एक नंबर पाठवतो. त्या नंबरचा ए करायचा, क करायचा की अलिफ, हे सॉफ्टवेअर ठरवतं. अक्षराचा आकार, वेलांटीची जागा, जोडाक्षर, सगळं तेच बघतं. उर्दूतही तसंच: एका अक्षराचे सुरुवातीला, मधे आणि शेवटी वेगळे आकार होतात, पण कळ एकच लागते. म्हणजे भाच्याचा तो 1985 चा कीबोर्ड जितका अमेरिकेचा, तितकाच मराठीचाही होऊ शकतो. आड येते ती आपली सवय.

अक्षरांची मांडणीही आपल्याकडे त्याच सुमारास तयार झाली. 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इनस्क्रिप्ट ठरवली, 1991 साली ती भारतीय मानकात आली. तिच्यात वर्णमालेचा हिशोब आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के या कळीवर क, शिफ्ट दाबला की ख. आयवर ग, शिफ्टनं घ. एनवर ल, शिफ्टनं ळ. पहिलीतलं मूलही हे नातं ओळखतं. आणि लिहायचं बोलण्याच्या क्रमानं: आधी क, मग वेलांटी.

तरीही माझ्या ओळखीच्या टायपिंग क्लासमध्ये मुलींना आजही वेलांटी आधी दाबायला शिकवतात. माझी एक माजी विद्यार्थिनी वर्षभर फी भरून तेच शिकली. नोकरीच्या चाचणीला गेली तर समोर इनस्क्रिप्ट. तिला मराठी येत होतं, टायपिंगही येत होतं, पण दोन्ही एकमेकांना ओळखत नव्हते. ती परत आली आणि म्हणाली, ‘सर, माझंच चुकलं.’ तिचं काय चुकलं? मरून गेलेल्या यंत्राची अडचण आपण तिच्या बोटांत भरली, आणि वर त्याची फी घेतली.

दुसरी बाजू म्हणते, एवढं कशाला? इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी आपोआप होतं. एका दिवसात जमतं, हे खरं आहे. पण ‘केएएल’ लिहिलं की यंत्र विचारतं: काल, काळ, कळ की कल? मूल पहिला पर्याय दाबतं आणि पुढे जातं. न आणि ण, ल आणि ळ, श आणि ष हे फरक इंग्रजीच्या एका अक्षराखाली गेले की बोटं ते विसरतात. मग वहीत ‘शाला’ आणि ‘पानी’ येतं, आणि आम्ही म्हणतो, उर्दू माध्यमाच्या मुलांचं मराठी कच्चं असतं. कच्चं कुणी केलं?

इथे मला माझी कबुली द्यायला हवी. उर्दू मी स्वतः इंग्रजी उच्चारांच्या मांडणीवर लिहितो. एसवर सीन आहे, त्याच्याच शिफ्टमध्ये स्वाद, आणि से भलत्याच कळीवर. तीन वेगळी अक्षरं, पण मी ती इंग्रजी एसच्या दारातून शोधत जातो. क ख ग घच्या हिशोबात उर्दूची वर्णमाला बसत नाही, म्हणून इनस्क्रिप्टचा तो फायदा उर्दूला मिळत नाही, हे खरं. पण माझ्या हातून सवयीनं जे झालं, ते मराठीच्या वर्गात मुलांच्या माथी का मारू? तिथे तर चांगली मांडणी तयार आहे.

जर्मनीत वाय आणि झेडच्या जागा वेगळ्या आहेत, फ्रान्समध्ये पहिली ओळच एपासून सुरू होते. आयबीएमनं मॉडेल एमसुद्धा त्यांच्या मांडणीत छापून दिला. त्यांनी ते मागितलं होतं. आमच्या लॅबमधल्या एकाही कळीवर मराठी अक्षर नाही, आणि आम्ही कधी मागितलंही नाही.

मागणी मोठी नाही. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये आधीपासून आहे, वेगळे पैसे पडत नाहीत. कळांवर अक्षरांचे स्टिकर लावायचे आणि पाचवीपासून आठवड्याला एक तास द्यायचा. टायपिंग क्लासनं पहिल्या दिवशी सांगायचं की आम्ही कुठली मांडणी शिकवतो आणि ती कुठे चालते. आमच्या लॅबमध्ये चार कीबोर्डांवर मी स्टिकर लावलेत, बाकीचे या सुट्टीत लावीन.

भाचा जाताना 101 कळांचा तो कीबोर्ड माझ्याकडे ठेवून गेला. जड आहे, आवाजही करतो, घरात तक्रार आहे. हा लेख मी त्याच्यावरच लिहिला, इनस्क्रिप्टमध्ये. पुण्याच्या त्या शौकीन मंडळींना माझं एवढंच सांगणं: पुढच्या वेळी जुन्या कीबोर्डची तारीफ कराल तेव्हा त्यावर ळ लिहायला कसा वाटतो, तेही सांगा.