गाडीपाशी थांबणारा माणूस

जून संपत आला की प्रत्येकाच्या मोबाईलवर एक मेसेज हमखास येतो. 'पन्हाळा ते पावनखिंड, दोन दिवस, एक मुक्काम. कोण कोण येतंय?' पाच मिनिटांत वीस हात वर. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतली पोरं शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून येतात, नवे बूट पहिल्याच ओढ्यात भिजवतात, सोमवारी लंगडत हापिसात जातात आणि तरी पुढच्या वर्षी परत येतात. नाद खुळा! जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, ज्या वाटेवरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे उभे ठाकले, ती वाट कोल्हापूरपासून तासाभराच्या आत सुरू होते. तिच्यावरून चालावंसं वाटणारच.

तेव्हा त्या ट्रेकबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की 'निसर्गात जाणं' म्हणजे फक्त हेच असं आपण ठरवून टाकलंय. पन्नासेक किलोमीटर, गुडघाभर चिखल, पाठीवर सॅक. जमतंय तर चल, नाहीतर गाडीपाशी थांब.

हा गाडीपाशी थांबणारा माणूस प्रत्येक सहलीत असतो, नीट आठवून बघा. कधी ती गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई असते. कधी बायपास झालेले काका, कधी सातवा महिना लागलेली बहीण, कधी चाकाच्या खुर्चीवरचा मित्र. सगळ्यांच्या पर्सेस, चपला आणि जेवणाचे डबे सांभाळत तो बसतो. आपण दोन तासांनी परत येतो, त्याला मोबाईलवर फोटो दाखवतो, तो 'छान आहे हो' म्हणतो. पुढच्या वेळी तो स्वतःच सांगतो, 'तुम्ही जाऊन या, मी घरी थांबतो.' त्याला कुणी 'येऊ नको' म्हटलेलं नसतं. तो आपणहून गळतो. आणि तो गळला हे आपल्या लक्षातही येत नाही, यात खरं दुखणं आहे.

आता नकाशा उघडा. पावनखिंडीच्या परिसरातच कासारी नदी उगम पावते. तिकडे राधानगरीच्या जंगलातून भोगावती येते. कुंभी, तुळशी आणि कासारी-भोगावती प्रयाग चिखलीजवळ एकत्र होतात, पाचवी गुप्त सरस्वती धरायची, आणि पंचगंगा होते. म्हणजे खिंडीतल्या ज्या पाण्यासाठी आपण दोन दिवस तंगडतोड करतो, तेच पाणी शेवटी आपल्या घाटावर येतं. खिंड, तळं, नदीकाठची झाडी हे सगळं एकाच जिल्ह्यात, एका दिवसाच्या टप्प्यात आहे. मग एकेका प्रकारची निदान एक तरी वाट अशी का नसावी, जिच्यावर आईला, काकांना आणि खुर्चीवरच्या मित्राला जाता येईल?

सगळ्यात सोपं उदाहरण रंकाळ्याचं. सपाट काठ, बसायला जागा, शहराच्या मधोमध. थंडीत पहाटे गेलात तर हळदीकुंकू बदकं आणि वारकरी पक्षी दिसतात. (वारकरी म्हणजे तो काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला. नाव ज्याने ठेवलं त्याला सलाम.) दुसरं शिवाजी विद्यापीठ. साडेआठशे एकरांच्या आसपासचा परिसर, रुंद डांबरी रस्ते, झाडी, मोर. तिसरा कळंबा तलाव. ह्या ठिकाणी नवीन काही बांधण्याआधीसुद्धा बरंच करता येईल, कारण पहिली अडचण रस्त्याची नसते. ती माहितीची असते.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला 'सोपी वाट आहे हो' ह्या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. सोपी कुणासाठी? त्याला हवं असतं ते असं: वाट किती मीटर आहे, जमीन कशाची आहे, चढ कुठे आणि किती, पायऱ्या किती, पहिला बाक किती अंतरावर, स्वच्छतागृह आहे का आणि त्याच्या दाराला उंबरा आहे का. एवढं आधी कळलं तर तो स्वतः ठरवेल. त्याला आपली दया नको, डेटा हवा.

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कने नेमकं हेच केलंय. कुंपणं ओलांडायच्या पायऱ्या नसलेल्या वाटा त्यांनी निवडल्या आणि तीन वर्ग पाडले: सर्वांसाठी, बऱ्याच जणांसाठी, काहींसाठी. ह्यातला 'काहींसाठी' हा वर्ग मला फार आवडतो. त्यात खोटं आश्वासन नाही. इथे चढ आहे, खुर्ची ढकलायला दणकट माणूस लागेल, असं सरळ सांगून टाकतात.

हाच न्याय पावनखिंडीला लावून बघा. आज खिंडीच्या बऱ्यापैकी जवळ गाडी जाते. पण प्रत्यक्ष खिंडीत उतरायचं तर पायऱ्या आणि शिडी. खिंडीत रॅम्प बांधा असं मी अजिबात म्हणणार नाही, त्या कातळाची वाट लागेल. पण वरच्या बाजूला खिंड दिसेल आणि पाण्याचा आवाज ऐकू येईल अशी सपाट, कठडा असलेली जागा आणि गाडीपासून तिथपर्यंत नीट वाट, एवढं तर होऊ शकतं ना? मसाई पठाराचंही तसंच. तिथे जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे, पावसाळ्यानंतरची फुलं त्याच्यावरच येतात. त्याच्यावर रस्ता फिरवला तर बघायला उरणार काय? कडेला एक थांबा पुरे. प्रत्येक वाट सगळ्यांसाठी नसेल, पण प्रत्येकाला आपली म्हणता येईल अशी एक तरी वाट असावी, एवढंच मागणं आहे.

ह्यावर नेहमीचा आक्षेप येतो. 'सगळ्यांसाठी म्हटलं की ठेकेदार येणार, पेव्हर ब्लॉक येणार, रंगीत दिवे येणार आणि निसर्गाचा मॉल होणार.' भीती खरी आहे, आपण सगळ्यांनीच असे 'विकास' बघितलेत. पण चाकाच्या खुर्चीला पेव्हर ब्लॉक लागतात हे कुणी सांगितलं? उलट दोन पावसाळ्यांत खचलेले ब्लॉक तिला जास्त त्रास देतात. तिला लागते ती रोलर फिरवून घट्ट केलेली मुरुमाची वाट, पाणी निघून जायला बाजूने चर, आणि चढ असलाच तर १२ फूट लांबीत १ फुटापेक्षा जास्त नको. खरा खर्च बांधकामाचा नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर मुरूम पुन्हा टाकायचा आहे, खर्च तो. त्याला फीत कापता येत नाही, म्हणून तो कुणाला आवडत नाही.

नदीकाठी तर काँक्रीटचा विचारही परवडणारा नाही. राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे आकडे इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जे काही कराल ते दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणार हे धरूनच करायला हवं. वाळुंज, करंज, उंबर पूर सहन करतात, स्टीलची रेलिंग आणि लाइटचे खांब नाही. काठावरची झाडी ठेवायची आणि तिच्या सावलीतून साधी मुरुमाची वाट काढायची, ह्याहून स्वस्त आणि टिकाऊ काही नाही.

मला सगळ्यात गंमत वाटते ती आपल्या आयटीवाल्यांची. हापिसात आपण स्क्रीन रीडर लावून प्रत्येक पान तपासतो. माऊसशिवाय नुसत्या कीबोर्डवर फॉर्म भरता आला नाही तर तो बग समजला जातो आणि रिलीज अडतो. का? तर क्लायंटच्या देशात कायदा आहे. मग आपल्याकडे नाही का? आहे की! दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात मनोरंजनाचा हक्कसुद्धा लिहिलेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. तरी बागेच्या दारात मोटरसायकल आत जाऊ नये म्हणून नागमोडी पाइप ठोकलेले असतात आणि त्यात पहिली अडकते ती चाकाची खुर्ची. मोटरसायकलवाला दुसरीकडून जातोच. आपल्या भाषेत सांगायचं तर, एक बग बंद करताना दुसरा त्याहून मोठा उघडला आणि टेस्टिंगला कुणालाच बोलावलं नाही.

टेस्टर मात्र प्रत्येकाच्या घरात आहे. म्हणून एक सुचवतो. येत्या रविवारी पन्हाळ्याचा बेत नसेल तर मोजपट्टी घ्या आणि जवळच्या एखाद्या वाटेवर आपल्या घरातल्या 'गाडीपाशी थांबणाऱ्या' माणसाला घेऊन जा. रंकाळा असो, कळंबा असो, तुमच्या गावाची नदी असो. त्याच्या वेगाने चाला. तो कुठे थांबतो, कुठे हात धरतो, कुठे 'आता पुरे' म्हणतो ते लिहून काढा. दाराची रुंदी मोजा, तीन फुटांपेक्षा कमी असेल तर तेही लिहा. त्या कागदाची एक प्रत सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि एक नगरसेवकाच्या हातात द्या, तारखेनिशी पोच घेऊन. अर्ध्या पानाचा तो कागद पुढच्या माणसाला घराबाहेर पडायला पुरेल.

आणि हो, डबे ह्या वेळी तुम्ही उचला.