अ‍ॅसिड व्हॅल्यूवर विसंबू नका

प्रेस रोलवर चिकटा धरू लागला, डॉक्टर ब्लेडखाली काळपट थर साठला आणि कागदाला भोके पडून ब्रेक वाढले, की पहिला आरोप होतो रद्दीवर. टेप, गम, हॉटमेल्ट! रद्दी दोषी असतेही. पण तुरटी-रोझिनवर साइझिंग करणाऱ्या गिरण्यांनी आधी आपले केमिकल गोदाम तपासावे.

रोझिनमध्ये साधारण ९० टक्के राळ-आम्ले असतात. सोड्याने त्यांचा साबण होतो आणि तुरटी पडली की अ‍ॅल्युमिनियमसोबत ती तंतूंवर बसतात. १८०७ साली इलिगने मांडलेली ही पद्धत मुळात आजही तीच आहे. गोची उरलेल्या उदासीन भागाची. त्याचा साबण होत नाही. दाट साइझमध्ये साबण त्याला धरून ठेवतो, म्हणून टाकीत सारे ठीक दिसते. पल्पमध्ये पातळ होऊन तुरटी लागली की तो सुटतो आणि मऊ, चिकट थेंबांच्या रूपाने वायर-फेल्टला जाऊन बसतो.

खरेदीच्या वेळी आपण पाहतो रंग आणि अ‍ॅसिड व्हॅल्यू. दुसऱ्या आकड्याने अनेकांना फसवले आहे. शुद्ध अ‍ॅबिएटिक आम्लाची अ‍ॅसिड व्हॅल्यू सुमारे १८५, तर ओलेइक या मेदाम्लाची सुमारे १९९. उदासीन भाग आकडा खाली ओढतो, मेदाम्ले वर ढकलतात. दोन्ही भेसळी एकत्र असल्या तर रिपोर्ट सोज्वळ दिसतो! मेदाम्लांनी रोझिन मऊ पडते, हे वेगळेच. टॉल ऑइल रोझिन घेणाऱ्यांनी तर इकडे विशेष लक्ष द्यावे. खरेदीच्या अटींत सॉफ्टनिंग पॉइंट आणि साबण न होणाऱ्या भागाची टक्केवारी हवीच. पुरवठादार कुरकुर करील, करू द्या.

रोझिन चांगले असूनही चिकटा येत असेल तर कॅल्शियम शोधा. ते कठीण पाण्यातून येते, तसेच रद्दीतल्या कार्बोनेट फिलरमधून. आम्लधर्मी पल्पमध्ये कार्बोनेट विरघळते आणि कॅल्शियम रेझिनेट तयार होते. टाल्क घालून चिकटा तात्पुरता दबतो, पण कारण तसेच राहते.

थर खरवडून, फिलर-तंतू शक्य तितके वगळून थोडा जाळून पाहा. राख भरपूर उरली तर संशय कॅल्शियम रेझिनेटसारख्या धातूंच्या साबणांवर. जेमतेम उरली तर रोझिनमधला उदासीन भाग किंवा रद्दीतला गम. हे दोन वेगळे करायला मात्र प्रयोगशाळाच लागेल.