एल्गर सिस्टर्सची न आलेली गाणी

ब्यॉर्क म्हटलं की बहुतेकांना २००१ च्या ऑस्करमधला तो हंसाचा ड्रेस आठवतो. जरा जास्त ऐकणाऱ्यांना १९९३ चा 'डेब्यू'. पण १९८४ ते ८६ च्या दरम्यान, ऐन विशीत, आइसलँडमध्ये तिची 'एल्गर सिस्टर्स' नावाची एक जोडगोळी होती. नावावर जाऊ नका, यातली दुसरी 'सिस्टर' म्हणजे गुद्लॉयगुर ओत्तारसन हा चांगला बाप्या गिटारिस्ट! वर गणित आणि इंजिनिअरिंगवालाही, म्हणजे आपल्याच जातकुळीतला.

दोघं तेव्हा 'कुक्ल' या पंक बँडमध्ये होते. तिथल्या दणदणाटातून वेळ काढून त्यांनी अकराएक गाणी रेकॉर्ड केली. अल्बम मात्र कधीच आला नाही. 'सिदास्ता येग' आणि 'ग्लोरा' ही दोन १९९३ मध्ये ब्यॉर्कच्या एका सिंगलच्या मागच्या दाराने आली, पुढे २००२ च्या 'फॅमिली ट्री' संचातही मिळाली.

आता चाहत्यांचं म्हणणं: बाकीची पण काढा की राव! मोह मलाही होतो. पण मला हे पटत नाही. आपण लिहिलेला प्रत्येक प्रोटोटाइप आपण क्लायंटला देतो का? त्यातून काय जमतं, काय नाही ते कळतं, मग आपण पुढे जातो. काय बाहेर जाऊ द्यायचं हे ठरवण्याचा हक्क बनवणाऱ्याचा. कुणी प्रसिद्ध झालं म्हणून तो हक्क रद्द होत नाही.

पण 'रिलीज करू नका' आणि 'जपू नका' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गल्लत इथेच होते. त्या काळच्या बऱ्याच मॅग्नेटिक टेप दमट हवेत चिकट होतात, चुंबकीय थर सुटायला लागतो. तो गेला की गाणं गेलं, बॅकअप-बिकअप काही नाही. मग साठीतल्या कलाकाराचं मन बदललं तरी उपयोग शून्य. म्हणून अशा टेपची डिजिटल कॉपी वेळेत व्हायलाच हवी, मग ती खुशाल कुलुपात राहू दे. किल्ली त्या दोघांकडे.

असो. तोवर 'सिदास्ता येग' ऐका. शब्द कळले नाहीत तरी काही अडत नाही.