बॅकग्राउंड कॉपी #९

आधीच सांगून टाकते, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी घरी बोलले तेवढंच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि मुद्दा तेवढा घ्या. मुद्दा अगदी छोटा आहे : फोटो एडिट करताना फिल्टरने जो नवीन लेयर तयार होतो, त्याचं नाव कोणी ठेवायचं?

हसू नका! या प्रश्नापायी गेल्या वर्षी आपल्या हातून एक चूक झाली आहे.

गेल्या अंकात वर्कशॉपमधल्या काकांवर श्रद्धांजलीचं पान होतं. फर्स्ट इयरला फाइल कशी धरायची हे आपल्याला त्यांनीच शिकवलं. पानासाठी फोटो मिळाला एकच, तोही एका सेंड-ऑफच्या ग्रुप फोटोतून कापलेला. अंधारा आणि दाणेदार. तो नीट करायचं काम माझ्याकडे आणि माझ्या रूममेटकडे आलं. फोटो गिम्पमध्ये उघडला आणि बसलो. एक प्लगइन नॉइज काढायला, एक शार्प करायला, एक कॉन्ट्रास्टला. आमची प्लगइन्स मूळ लेयरची कॉपी काढून त्या कॉपीवर काम करायची. मूळ फोटो सुरक्षित, म्हणून आम्ही खूश. रात्री अडीचपर्यंत सतरा लेयर्स झाले. आणि त्यांची नावं? बॅकग्राउंड कॉपी, बॅकग्राउंड कॉपी #१, बॅकग्राउंड कॉपी #२... अशी थेट शेवटपर्यंत.

रूममेट पहाटेच्या एसटीने गावी गेली. सकाळी दहाला फाइल प्रेसला द्यायची होती आणि तिचा फोन लागेना. मी एकेक लेयर चालू-बंद करून पाहिला. #९ सगळ्यात स्वच्छ वाटला. तोच ठेवला आणि फाइल दिली.

अंक घेऊन आम्ही काकांच्या घरी गेलो. काकूंनी पान बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "छान आलंय गं. पण यांच्या भुवईवरची खूण कुठे गेली?"

लेथवर उडालेल्या चिपची ती खूण. काका दर वर्षी नव्या बॅचला ती दाखवायचे आणि मगच गॉगल लावायला सांगायचे. नॉइज काढणाऱ्या फिल्टरला फोटोतला दाणा आणि माणसाच्या चेहऱ्यावरची बारीक खूण यातला फरक कळत नाही. स्ट्रेंथ जास्त ठेवली की तो दोन्ही पुसतो. रूममेट परत आल्यावर म्हणाली, "अगं, #९ तर मी नुसती स्ट्रेंथ फुल करून बघितली होती. तो वापरायचा नव्हताच!"

चूक आमचीच. पण मला सांगा, तो लेयर जन्माला आला त्या क्षणी प्लगइनला काय माहीत नव्हतं? फिल्टर कुठला, स्ट्रेंथ किती, कुठल्या लेयरवरून केला, सगळं त्याच्या हातात होतं. लेयरला नाव देण्याचं फंक्शन गिम्पमध्ये तयारच आहे, स्क्रिप्टमध्ये एका ओळीचं काम. "नॉइज, स्ट्रेंथ १००" एवढं जरी लिहिलेलं असतं, तरी सकाळी माझा हात थांबला असता.

आणि हे जमत नाही असं मुळीच नाही. गिम्पची ड्रॉप शॅडोची जुनी स्क्रिप्ट सावलीच्या लेयरला स्वतःच "ड्रॉप शॅडो" असं नाव देते. फ्रान्समधल्या एका सरकारी संशोधन प्रयोगशाळेत २००८ साली जीमिक सुरू झालं. त्यात फिल्टर लिहिणारा आपल्या आउटपुट लेयरचं नाव, ब्लेंड मोड आणि ओपॅसिटी फिल्टरमध्येच ठरवू शकतो. म्हणजे सोय आहे, प्रश्न फक्त सवयीचा आहे.

यावर माझे मित्र तीन गोष्टी म्हणतात.

पहिली, "डबल क्लिक करून स्वतः नाव दे ना, आळशी!" मान्य. पण रात्री अडीच वाजता सतरा वेळा डबल क्लिक करणारा हॉस्टेलाइट मला दाखवा, मी त्याला मेसमध्ये स्वीट डिश देते.

दुसरी, "आता गिम्प ३.० आलंय." खरं आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या या व्हर्जनमध्ये बरेच फिल्टर लेयरला नुसते जोडलेले राहतात, नावानिशी दिसतात, नंतर आकडेही बदलता येतात. फोटोशॉपमध्ये अशी सोय २००७ पासूनच आहे. पण बाहेरून बसवलेली प्लगइन्स अजूनही थेट पिक्सेल बदलतात किंवा नवीन लेयर टाकतात. आपण हॉस्टेलवर वापरतो ती बहुतेक अशीच.

तिसरी गोष्ट मात्र मला पटते. आपोआप दिलेलं नाव पुढे खोटं पडू शकतं. नाव "ब्लर ५", आणि नंतर आपण निम्मा भाग इरेजरने पुसलेला! शिवाय सगळे आकडे नावात कोंबले तर लेयर्सच्या अरुंद पट्टीत ते वाचताही येत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच : मशीनने फिल्टरचं नाव आणि एखादा महत्त्वाचा आकडा लिहावा. तो जन्मदाखला समजा. "फक्त ट्रायल, वापरू नये" हे मशीनला कधीच कळणार नाही. ते आपण लिहायचं.

घरातली जुनी भांडी आठवा. वाटीवर नाव घातलेलं असतं : कोणी दिली, कोणाला, कधी, कशानिमित्त. म्हणून आजीच्या लग्नातली वाटी आजही ओळखू येते. "वाटी कॉपी #९" असं घातलं असतं तर?

काकांचा तर नियमच होता. जॉबवर रोल नंबर पंच केल्याशिवाय ते जॉब हातात घ्यायचे नाहीत. "आधी नंबर, मग फायलिंग," म्हणायचे. आम्हाला तेव्हा ती कटकट वाटायची.

यंदा मी आमच्या दोन प्लगइन्समध्ये ती एक ओळ टाकली आहे. मॅगझिनच्या कॉम्प्युटरवर ठेवली आहेत, पुढच्या टीमने जरूर वापरावीत. काकांचा फोटोही मूळ लेयरवरून पुन्हा केला. स्ट्रेंथ तीस. थोडा दाणा राहिलाय, राहू दे. या वेळी प्रेसला द्यायच्या आधी प्रिंट घेऊन काकूंकडे गेले.

त्यांनी आधी भुवईच पाहिली.