पोराच्या डिप्लोम्याचाही उत्पादन खर्च काढा



दहावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात दोन पेरण्या होतात. एक रानात, दुसरी छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजात. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण चारदा वाचतो, पावती जपून ठेवतो. पोराला सिव्हिलच्या डिप्लोम्याला घालताना मात्र रंगीत पत्रकावरची 'शंभर टक्के नोकरी' ही ओळ वाचली की सही ठोकतो.

माझ्याच घरची गोष्ट. पुतण्याची सरकारी जागा हुकली. एका खासगी कॉलेजात संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला. त्यापायी विहिरीजवळचे वीस गुंठे गेले. तीन वर्षांनी कागद हातात आला. पहिल्याच साइटवर मिस्त्रीने विचारले, "साहेब, कॉलमच्या रिंगा किती अंतरावर बांधू?" साहेब गप्प. ड्रॉइंग त्याने वहीत उतरवले होते, सळईवर कधी पाहिलेच नव्हते. दोष पोराचा नाही. दोष शिकवणाऱ्याचा, आणि न विचारता पैसे मोजणाऱ्या आम्हा थोरांचा.

सरकार हमीभाव काढताना रोखीचा खर्च आणि घरच्यांची मजुरी धरते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज सोडून देते. म्हणून आपण सरकारशी भांडतो. आणि घरात? पोराच्या शिक्षणाचा खर्च म्हणजे फी, एवढेच आपण धरतो. लबाडी तीच, फक्त करणारे आपण.

आता पुरता हिशेब मांडू. माझे आकडे नमुन्याचे. तुमचे तुम्ही घाला. फी वर्षाला 50,000. खोली आणि खानावळ महिना 5,000, दहा महिन्यांचे 50,000. तीन वर्षांचे झाले 3 लाख. पोरगा घरी असता तर वर्षात 200 दिवस तरी कामाला लागला असता. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 312 रुपये होती. त्या दराने तीन वर्षांची बुडालेली मजुरी 1,87,200. एकूण 4,87,200 रुपये. अजून व्याज बाकीच आहे. 3 लाख सावकाराकडून शेकडा दोनने उचलले असतील, तर महिन्याचे व्याजच 6,000. पोराला साइटवर 14,000 मिळाले आणि खोली, जेवण, पेट्रोल यांत 8,000 गेले, तर उरले 6,000. म्हणजे पोरगा सावकाराकडेच कामाला लागला!

सरकारने या कागदाला काय भाव लावला तेही पाहा. 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. तिच्यात डिप्लोमावाल्याला महिना 8,000 रुपये ठरले. 312 च्या मजुरीने 26 दिवस भरले तर 8,112 होतात. कोणी म्हणेल, ते विद्यावेतन आहे, पगार नव्हे; आणि हमीचे काम बारमाही मिळते कुठे? कबूल. पण 1972 च्या दुष्काळात आपल्या आयांनी रस्त्यावर खडी फोडली, 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्यानंतर नातू त्याच रस्त्याची विद्या शिकून आला आणि सरकारने त्याची किंमत खडीच्या दरापेक्षाही कमी लावली. याचा जाब कोण विचारणार?

मग शिकवूच नये काय? असे म्हणणारा मी नव्हे. वाटण्या होऊन जमीन गुंठ्यांवर आली आहे. शेंद्रा-बिडकीनला शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या वैजापूर-गंगापुरातून गेला. जिथे जमीन आपली गेली तिथे लेव्हल लावणारा, मोजमाप लिहिणारा पोरगाही आपला हवा. नुसता वॉचमन नको. याच डिप्लोम्यावर सरकारी कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा देता येते. सातव्या वेतन आयोगात त्या पदाचे मूळ वेतन 38,600 पासून सुरू होते. इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येते. पण परीक्षेला पदवीवालेही रांगेत असतात, हे विसरू नका. पीक चांगले आहे, पण खर्च आवाक्यात राहिला तरच.

म्हणून पहिला अर्ज उस्मानपुऱ्याच्या सरकारी तंत्रनिकेतनाचा. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच जा. संस्थेच्या कोट्यात गेलात की फीची सवलत गेली. त्या प्रक्रियेतून आलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आयटीआय किंवा बारावी विज्ञान झालेल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. एक वर्षाचा खर्च वाचतो. आणि खासगीत जायचेच असेल तर आधी मागल्या वर्षी पास झालेली दोन पोरे गाठा. विचारा: साइटवर किती दिवस नेले? आज काम कुठे करता? हातात किती पडतात? पत्रकावर विश्वास ठेवू नका.

सरकारला आपले सांगणे एकच. शिकलेल्या हाताचे विद्यावेतन रोजगार हमीच्या मजुरीखाली जाता कामा नये, आणि कॉलेजने मागल्या तुकडीचा खरा पगार फळ्यावर लिहिल्याशिवाय त्याला प्रवेश घेऊ देऊ नये.

आणि आपण आपल्याशी ठरवायचे तेही एकच. दहा गावांतल्या दहा बापांनी बैठकीत बसून हा हिशेब मांडायचा. बेरीज जमली तर खुशाल शिकवा, पोटाला चिमटा घेऊन शिकवा. नाही जमली तर वीस गुंठे राखा. कागद पुढेही मिळेल. विहिरीजवळचे रान पुन्हा मिळत नाही.